‘संत बहिणाबाई चौधरी’ अशी कुणी झालीच नाही

महिला दिन जवळ आला की मराठी मंडळांच्या पत्रिका छापायला जातात आणि त्यात ‘संत बहिणाबाई चौधरी यांच्या रचनांचे वाचन’ ही ओळ फार सहज पडते. इंदुरात ती आणखी सहज पडते, कारण इथल्या बऱ्याच मुलांची ओळख संत बहिणाबाई आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी या दोघींशी पाठ्यपुस्तकातून होत नाही, आजीच्या तोंडून होते. आजी तर दोघींनाही नुसतं ‘बहिणाबाई’च म्हणते.

संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या. जन्म १६२८, वेरुळाजवळच्या देवगावात, कुलकर्ण्यांच्या घरी. अगदी लहानपणी तीस वर्षांच्या बिजवराशी लग्न झालं. समाधी शिऊरला, १७०० साली. बहिणाबाई चौधरी १८८० सालच्या, जळगावजवळच्या असोद्याच्या. माहेरचं आडनाव महाजन. तेराव्या वर्षी लग्न, तिसाव्या वर्षी वैधव्य, मृत्यू १९५१. म्हणजे एकीची समाधी आणि दुसरीचा जन्म यांत १८० वर्षं गेली. एक ब्राह्मण घरातली वारकरी, तुकोबांची शिष्या. दुसरी शेतकरीण, अक्षरओळख नसलेली. इंदूर-इच्छापूर रस्त्यानं बऱ्हाणपूर, रावेर करत निघालात तर चौधरींचा मुलूख आधी लागतो. देवगाव-शिऊरला जायचं तर पुढे घाट चढावा लागतो.

तारखा कळल्या म्हणजे घोळ मिटला असं होत नाही. दोघींना एकाच ‘सोशिक स्त्री’च्या खणात बसवलं की दोघींचंही चुकीचं वाचन सुरू होतं. त्यांनी सोसलेलं वेगळं आहे आणि सोसूनही ज्या जोरावर त्या उभ्या राहिल्या तो जोर तर त्याहून वेगळा.

संत बहिणाबाईंची अडचण त्यांनी स्वतःच नेमक्या शब्दांत मांडली आहे: ‘वेद हाका देती, पुराणे गर्जती, स्त्रियेच्या संगती हित नोहे’. पुढचा प्रश्न सरळ आहे. मी जन्मानंच बाई, तर परमार्थाची माझी सोय काय? इथे जाच दुहेरी आहे. घरात नवऱ्याची मारहाण आहे. कोल्हापूर मुक्कामी जयरामस्वामींच्या कीर्तनाचा नाद लागला, तेव्हा त्या जेमतेम अकराबारा वर्षांच्या होत्या. लोकांत त्यांचा बोलबाला होऊ लागला आणि वेदपाठी, कर्मठ नवऱ्याला तो सहन झाला नाही. त्यातच स्वप्नात उपदेश केला तो तुकोबांनी, म्हणजे ब्राह्मणाच्या बायकोचा गुरू शूद्र. घराबाहेर ग्रंथांचा जाच, की बाईचा देहच परमार्थाच्या आड येतो. पहिल्या जाचाबद्दल बोललेल्या बायका मराठीत पुष्कळ आहेत. दुसऱ्याला हात घालणं दुर्मीळ, आणि तेही ‘वज्रसूची’ या संस्कृत ग्रंथावर अभंग रचून ब्राह्मण कोणाला म्हणावं याचा खल करत!

इथेच निवेदकाची गाडी हमखास घसरते. मारहाणीचे अभंग वाचले जातात, बंडाच्या ओळी वाचल्या जातात आणि पतिव्रताधर्मावरचे अभंग हळूच बाजूला ठेवले जातात. कारण ते महिला दिनाला शोभत नाहीत. पण ते त्यांचेच आहेत आणि थोडेथोडके नाहीत. नवरा टाकून जायला निघाला होता, आजारी पडला, हिनं त्याची सेवा केली, त्याचं मन पालटलं आणि मग दोघं देहूला गेली. त्यांनी संसार सोडला नाही आणि विठ्ठलही सोडला नाही. शास्त्र म्हणत होतं की दोन्ही एकत्र चालणार नाही, आणि त्यांनी आयुष्यभर दोन्ही चालवून दाखवलं. पतिव्रतेचे अभंग गाळले तर यातली अवघड बाजूच गळून जाते. उरते ती आजच्या सोयीची बंडखोर.

बहिणाबाई चौधरींकडे शास्त्रार्थ नाही. तिथे जातं आहे, मळा आहे, आणि नवरा गेल्यावर पदरात मुलं. वैधव्यावरच्या या ओळी पाहा: ‘लपे करमाची रेखा माझ्या कुंकवाच्या खाली, पुशीसनी गेलं कुंकू, रेखा उघडी पडली’. पण पुढे ज्योतिषी दारात आला की त्याच म्हणतात, ‘नको नको रे जोतिषा, नको हात माझा पाहू’. माझं दैव मला कळतं, माझ्या दारी येऊ नको, असं त्या त्याला सुनावतात. त्यांना ‘भोळी, अडाणी माउली’ म्हणणाऱ्यांनी ही कविता वाचलेली नसते.

दोघींमधला फरक मला सगळ्यात स्वच्छ दिसतो तो योगी आणि सासुरवाशिणीच्या गाण्यात. माहेर एवढं गोड, तर सासरी कशाला नांदतेस, असं योगी विचारतो. उत्तर: ‘लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते’. योग्याजवळ जे आहे ते मिळावं म्हणून संत बहिणाबाई झगडल्या. चौधरींची बाई त्याच योग्याला थांबवून हिशेब शिकवते. आज मी इथे टिकले तर उद्या माझ्या लेकीला परतायला घर असेल. हे नुसतं मुकाट सोसणं म्हणायचं का? मला नाही वाटत.

कार्यक्रमासाठी उतारा हाती आला आणि खाली नुसतं ‘बहिणाबाई’ असेल, तर ओळखायचं कसं? आधी शेवटचं कडवं पाहा. ‘बहिणी म्हणे’ ही मुद्रा, म्हणजे रचनेत गुंफलेली नावाची खूण, असेल तर संत. चौधरींच्या गाण्यांना अशी मुद्रा असावीच लागत नाही. मग बोली पाहा: माले, मले, कये, तयहात असे शब्द दिसले की ती खानदेशची. इथे ळ चा य होतो. मग अक्षरं मोजा. चौधरींच्या ओळी बहुधा आठ-आठ अक्षरांच्या: अ-रे-सं-सा-र-सं-सा-र. ‘वेद हाका देती’ मोजलंत तर ६, ६, ६, ४, म्हणजे मोठा अभंग. मात्र केवळ मोजणीवर भिस्त ठेवू नका. छोट्या अभंगाचे चरणही आठ अक्षरांच्या आसपासच जातात, तिथे मोजणी फसवते.

मुद्रेवरही एक संकट येतं. ‘ज्ञानदेवे रचिला पाया’ संत बहिणाबाईंचा, पण भजनात ‘तुका झालासे कळस’पाशी थांबायची सवय पडली आहे. कळसावरची ध्वजा ज्या ओळीत फडकते, तिथेच बहिणीचं नाव आहे. ती ओळ गळाली की अभंग तुकोबांच्या खात्यावर जमा होतो.

शब्द आपल्यापर्यंत कसे पोचले, तेही पाहायला हवं. संत बहिणाबाईंनी आपलं आयुष्य अभंगांतून स्वतः सांगितलं, मागचे बारा जन्मसुद्धा. चौधरींनी गाणी म्हटली ती काम करताना. मुलगा सोपानदेव, जो स्वतः कवी होता, आणि एका नातलगानं त्यांतली जमतील तेवढी उतरवून घेतली. त्या गेल्यावर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं पुस्तक आलं. म्हणून ‘चौधरी लिहितात’ असं निवेदनात म्हणू नये, ‘म्हणतात’ म्हणावं.

आता खास इंदूरकरांसाठी. श्रोत्यांत हिंदीभाषक असतातच, म्हणून अर्थ हिंदीत सांगायचा प्रघात आहे. त्यात दोन खड्डे आहेत. ‘बहिणी म्हणे’चं ‘बहनें कहती हैं’ होतं. खरं तर ‘बहिणा कहती है’ हवं, ते एकटीचं नाव आहे. दुसरा खड्डा ‘संसार’चा. हिंदी कानाला संसार म्हणजे जग. संत बहिणाबाईंच्या अभंगात तो अर्थ बराचसा चालून जातो, तिथे संसार म्हणजे भवसागरच. पण ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’ मध्ये जग घातलंत की तवा उलटा पडतो. तिथे ‘घर-गृहस्थी’च म्हणा.

आणि पाठ करून घेताना ‘तव्हा मियते भाकर’ या ओळीवर पोरांना दोनदा थांबवा. ळ ला ल म्हणायची आपल्याकडची सवय मिळते चं मिलते करते, आणि पुस्तकातलं ‘मियते’ ही छपाईची चूक समजून कुणीतरी ते पेनानं सुधारूनही ठेवतं. सुधारू नका. ते असोद्याचं आहे, तसंच म्हणायचं.