विश्वामित्रीचे काठ आणि मगरींचा प्रश्न

बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्रीत मगरी आहेत, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्या मुळात आल्या कुठून, यावर मात्र शहरातल्या दांडिया बाजारात अजून वाद रंगतो. सयाजीबागेतल्या प्राणिसंग्रहालयातून सुटलेल्या मगरींचीच ही पैदास, असं ठासून सांगणारे बरेच भेटतात. बाग १८७९ची, त्यामुळे गोष्ट जुळतेही. पण मगर गुजरातच्या नद्या-तळ्यांची मूळचीच रहिवासी आहे. शेजारच्या चरोतरात मलातजसारख्या गावात तळ्यातली मगर खोडियार मातेचं वाहन म्हणून लोकांच्या सोबतीनं राहते. तिला बडोद्यात यायला पिंजऱ्याचं दार उघडं राहायची गरज नव्हती.

गायकवाडी काळातलं नदीचं चित्र इथे थोडक्यातच सांगता येईल. पावागडाकडून येणारं पाणी, सूर्या नदीवर बांधलेलं आजवा धरण आणि शहरात शिरल्यावर नागमोडी वळणं घेणारं पात्र. दोन्ही काठांना घळी, इथल्या बोलीत कोतरं. त्यांत बाभळी नि झुडपं. पुढे वस्ती वाढली, ओढे-नाले आक्रसले, भुखी कांस या नाल्यासारख्या पाण्याच्या जुन्या वाटांवर बांधकामं चढली. उन्हाळ्यात आटायला हवी अशी नदी सांडपाण्यामुळे बारमाही झाली आणि काठावर फेकल्या जाणाऱ्या मेलेल्या जनावरांमुळे मगरींच्या पोटाची सोयही झाली. शहरानं नदी नासवली आणि त्यातच मगर फोफावली. हे पर्यावरणवाल्यांना अडचणीचं वाटतं, म्हणून फारसं बोललं जात नाही.

खरा तिढा गेल्या दहा-पंधरा वर्षांतला. अहमदाबादेत साबरमतीचं देखणं रूप पाहून बडोद्यालाही रिव्हरफ्रंटची ओढ लागली. काँक्रीटचे उभे काठ, फिरायला फरसबंद रस्ता, वरून दिवे. २०१६मध्ये प्रकरण पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेलं आणि काम थांबलं. २०२१च्या आदेशात भर बदलला. पूरमैदानाची, म्हणजे पुराचं पाणी पसरतं त्या जमिनीची, हद्द आखा, अतिक्रमणं काढा, काठावर झाडं लावा, असं सांगितलं गेलं. अंमलबजावणी रेंगाळली, हे वेगळं सांगायला नको.

मग आला ऑगस्ट २०२४. शहरातल्या काळा घोड्याच्या पुलावर २६ फुटांची धोक्याची खूण. पाणी तिशीच्या कितीतरी वर गेलं. तीन दिवसांत वस्त्यांमधून २४ मगरी पकडल्या गेल्या, सगळ्यात लहान दोन फुटांची, मोठी चौदा फुटांची. त्यांच्यासोबत नाग, मोठाली कासवं आणि एक साळिंदरही. स्कूटरवर मगर आडवी धरून वनखात्याच्या कचेरीकडे निघालेल्या दोन तरुणांचा व्हिडिओ देशभर फिरला. लोक हसले, पण ज्यांच्या घरात कमरेएवढा चिखल होता त्यांचा राग खरा होता. ‘मगरीसाठी नदी अडवून ठेवली आणि आम्ही बुडालो’ ही भावना तेव्हाची.

या रागातूनच पुढचा निर्णय झाला. पुढच्या पावसाळ्याआधी शहरातलं सुमारे २४ किलोमीटर पात्र खोल आणि रुंद करायचं ठरलं. फेब्रुवारी २०२५मध्ये आधी मगरींची मोजणी झाली. आकडा चारशेच्या वर गेला. लगोलग मार्चमध्ये यंत्रं उतरली. पालिकेचं म्हणणं असं की पाणी कमी असतं तेव्हाच पात्रात उतरता येतं आणि पुराला आणखी एक वर्ष थांब म्हणता येत नाही. ते अगदीच चुकीचं नाही.

पण मगरीचं वर्षही तेव्हाच ऐन भरात असतं. मादी फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान पाण्यापासून जरा उंचावर, काठाच्या मऊ मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात. उन्हाच्या तलखीत आणि थंडीत तीच जनावरं काठात खोदलेल्या बिळांत आसरा घेतात. म्हणजे पोकलेन ज्या उतारावर बादली टेकवतो, नेमका तोच उतार मगरीच्या कामाचा. अभ्यासकांचा आक्षेप इथे होता. तळाचा गाळ काढा, पण काठ तासून सरळ करू नका, असं ते सांगत होते. १९७२च्या वन्यजीव कायद्यात मगर पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे आणि शिकारीच्या व्याख्येत सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी वा घरटी यांना धक्का लावणंही येतं. बिळाचा मात्र त्या व्याख्येत उल्लेख नाही. म्हणून बरीचशी भांडणं अंड्यांभोवती फिरली आणि काठाची झाडी, तिथली कासवं, खंड्या पक्ष्याची घरट्याची भोकं, मुंगसं यांची बाजू मागे पडली. मगरीला कायद्याचं नाव आहे, कोतराला नाही.

काम सुरू असताना मगरीवर लक्ष ठेवायला माणसं नेमली होती, हेही नोंदवायला हवं. पण झुडपं गेलेला उघडा उतार पुन्हा कोतर व्हायला किती पावसाळे लागतील, हा प्रश्न पाळत ठेवून सुटणारा नव्हता.

नदीवरची कामं अजून संपलेली नाहीत. पाऊस ओसरल्यावर नोव्हेंबरात पात्रात उतरून अंड्यांच्या हंगामाआधी काठावरून यंत्रं काढायची तर निविदा भर पावसाळ्यात उघडाव्या लागतील. आजवर नदीची फाईल हलते ती पूर ओसरल्यावर, आणि यंत्रं उतरेपर्यंत होळी येते.