सर्पगंधा आणि उच्च रक्तदाबावरील संशोधन

सर्पगंधा ही कण्हेरीच्या कुळातील एक लहान, सरळ वाढणारी बहुवर्षायू वनस्पती असून तिच्या मुळातील अल्कलॉइडांमुळे (वनस्पतींत तयार होणाऱ्या, शरीरावर तीव्र परिणाम करणाऱ्या नायट्रोजनयुक्त द्रव्यांमुळे) उच्च रक्तदाबावरील औषधांच्या इतिहासात तिला मानाचे स्थान मिळाले आहे. तिचे शास्त्रीय नाव राउवोल्फिया सर्पेंटिना असे आहे. मराठीत तिला हरकी आणि अडकई असेही म्हणतात. हृदयविकार, पक्षाघात आणि मूत्रपिंड निकामी होणे या तिन्हींच्या मुळाशी अनेकदा उच्च रक्तदाब असतो, आणि तोंडावाटे घेतलेल्या गोळीने तो उतरवता येतो हे वैद्यकाला ज्या थोड्या औषधांनी प्रथम दाखवून दिले, त्यांत हे भारतीय मूळ होते.

ही वनस्पती हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्य भारतापर्यंत, तसेच सह्याद्री, कोकण आणि गोवा येथील ओलसर, सावलीच्या रानांत आढळते. तिची उंची साधारणपणे अर्धा ते पाऊण मीटर असते. खोडाच्या प्रत्येक पेऱ्यावर बहुधा तीन-तीन पाने येतात. फुले पांढरी किंवा गुलाबी झाक असलेली, तर त्यांचे देठ लालभडक असतात. वाटाण्याएवढी फळे पिकली की जांभळट काळी होतात. मूळ वेडेवाकडे, करड्या-पिवळट सालीचे असून आतून फिकट पिवळे दिसते. नावात गंध असला तरी वाळलेल्या मुळाला विशेष वास नसतो. चव मात्र अत्यंत कडू असते. अल्कलॉइडांचा मोठा भाग सालीत असल्यामुळे मूळ खणताना साल खरवडली जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते. प्रजातीला दिलेले नाव सोळाव्या शतकातील लिओनहार्ट राउवोल्फ या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ आहे. तो १५७३ ते १५७६ या काळात पश्चिम आशियात हिंडला होता, पण भारतात कधीही आला नव्हता.

आयुर्वेदात आणि लोकवैद्यकात सर्पगंधेचा उपयोग सर्पदंश, निद्रानाश, ताप आणि उन्माद यांवर होत असे; बिहारमध्ये तिचे मूळ ‘पागल की दवा’ म्हणूनच ओळखले जाई. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात सापाच्या विषावर चालणाऱ्या एका मुळाचे आणि सापाशी झुंजण्याआधी ते चावणाऱ्या मुंगसाचे वर्णन केले आहे. ते मूळ सर्पगंधेचे असावे असे अनेक अभ्यासक मानतात. सर्पदंशावरील गुणाला आधुनिक वैद्यकाने दुजोरा दिलेला नाही. उन्मादावरील शामक गुणाला मात्र दिला. परंपरेचा एक दावा खोटा ठरला म्हणून दुसरा टाकून देता येत नाही आणि एक खरा ठरला म्हणून सगळे स्वीकारता येत नाहीत. प्रत्येकाची परीक्षा स्वतंत्रपणेच घ्यावी लागते.

ही परीक्षा १९३१ मध्ये दोन ठिकाणी सुरू झाली. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळातून अनेक अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांतील एका गटाला संस्थेचे प्रवर्तक हकीम अजमल खान यांच्यावरून अजमलीन आदी नावे दिली. त्याच वर्षी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळाने उन्मादाबरोबरच वाढलेला रक्तदाबही उतरतो असे नोंदवले. पुढे कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. ही निरीक्षणे भारताबाहेर मात्र फारशी वाचली गेली नाहीत.

त्या काळी उच्च रक्तदाबाच्या रुग्णासाठी वैद्यांच्या हाती किती थोडे होते, हे एका उदाहरणावरून कळते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे १९४५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने निधन झाले, त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका चढला होता. विश्रांती, मीठ तोडणे, केवळ भात-फळांचा आहार आणि मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया एवढेच उपाय होते. या पार्श्वभूमीवर मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ५० रुग्णांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि बहुसंख्य रुग्णांचा रक्तदाब या मुळाच्या गोळ्यांनी उतरल्याचे दाखवले. या वनस्पतीबद्दल पूर्वी पुष्कळ सांगितले गेले होते. वकिलांनी रुग्णागणिक रक्तदाबाचे आकडे मांडले, आणि जगाने लक्ष दिले ते त्या आकड्यांकडे. बॉस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध आपल्या रुग्णांना देऊन पाहिले आणि १९५० नंतर ते अमेरिकेत रुजले. वकिलांना १९५७ मध्ये वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला.

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी १९५२ मध्ये मुळातील मुख्य प्रभावी द्रव्य वेगळे केले. तेच रेसर्पीन होय. त्याचा अतिशय गुंतागुंतीचा रेणू अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये प्रयोगशाळेत घडवला.

रेसर्पीनच्या कार्याची उकल हृदयापेक्षा मज्जासंस्थेतून झाली. मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअॅड्रेनलीन, डोपामीन आणि सेरोटोनिन ही संदेशवाहक द्रव्ये सूक्ष्म पिशव्यांत साठवलेली असतात. रेसर्पीन या पिशव्या भरण्याची वाट अडवते. बाहेर राहिलेली द्रव्ये पेशीतच विघटित होतात आणि साठा हळूहळू रिता होतो. रक्तवाहिन्या आवळण्याचा संदेश क्षीण झाल्याने त्या सैलावतात, हृदयाची गतीही मंदावते. म्हणूनच औषधाचा पूर्ण गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि ते थांबवल्यानंतरही परिणाम काही काळ टिकतो. स्वीडनमध्ये अर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसर्पीन दिले, तेव्हा ते कान पाडून निपचित बसले; शरीरात ज्याचे डोपामीन बनते ते लेव्होडोपा टोचल्यावर थोड्याच वेळात पुन्हा हालचाल करू लागले. या प्रयोगाने डोपामीनचे महत्त्व उघड झाले, कंपवाताच्या उपचाराचा मार्ग दिसला आणि कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तदाब उतरवल्याने जीव वाचतो का, या प्रश्नाचे पहिले भक्कम उत्तर अमेरिकेतील माजी सैनिकांवरील १९६७ च्या चाचणीने दिले. एडवर्ड फ्रीस यांच्या नेतृत्वाखालील या चाचणीत खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष होते. औषध गटाला रेसर्पीन, हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि हायड्रालझीन ही तिन्ही दिली गेली. निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्यांमध्ये २७ गंभीर घटना घडल्या, तर औषध घेणाऱ्यांमध्ये केवळ २. हे यश तिन्ही औषधांचे मिळून होते, पण त्यात या मुळाचा वाटा निश्चितच होता.

तरीही रेसर्पीनचा वापर पुढे ओसरला. नाक चोंदणे, सुस्ती, जठरव्रण आणि विशेषतः अधिक मात्रेत दिसलेले नैराश्य ही त्याची कारणे होत. १९७४ मध्ये स्तनाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सुचवणारे अहवाल आले. पुढील अभ्यासांत तो टिकला नाही, पण विश्वास डळमळला तो डळमळलाच. दरम्यान अधिक सुसह्य औषधेही आली. अल्प मात्रेतील रेसर्पीन स्वस्त आणि परिणामकारक असूनही त्याला पूर्वीची जागा परत मिळाली नाही. घरी मुळाची पूड खाऊन रक्तदाबावर उपचार करणे मात्र धोक्याचे आहे, कारण प्रत्येक मुळात अल्कलॉइडांचे प्रमाण वेगळे असते आणि रेसर्पीनची नेहमीची रोजची मात्रा मिलिग्रॅमच्या चतुर्थांशाहून अधिक नसते.

याच मुळातील अजमलीनचा आज निराळ्याच कामी उपयोग होतो. ब्रुगाडा विकारात हृदय वरकरणी निरोगी असूनही लय अचानक बिघडून मृत्यू ओढवू शकतो आणि साध्या विद्युत्-हृदयालेखात काही वेळा त्याची खूण दिसत नाही. संशय असलेल्या रुग्णाला रुग्णालयात, पुनरुज्जीवनाची साधने हाताशी ठेवून, शिरेतून अजमलीन देतात. ते हृदयपेशींतील सोडियमचे मार्ग रोखते आणि विकार असल्यास काही मिनिटांतच आलेखावर त्याची खूण उमटते.

मागणी वाढल्यावर रानातील सर्पगंधा झपाट्याने कमी झाली. औषधी भाग मूळच असल्याने खणणे म्हणजे अख्खे झाड उपटणे होय, आणि मूळ भरायला दीड ते तीन वर्षे लागतात. १९९० पासून ही जाती संकटग्रस्त वन्य जातींच्या व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे तिच्या निर्यातीवर निर्बंध आहेत. औषध उद्योगाने रेसर्पीनसाठी आफ्रिकेतील राउवोल्फिया व्होमिटोरिया या जातीचाही आधार घेतला. बाजारात राउवोल्फिया टेट्राफायला या अमेरिकी जातीच्या मुळांची भेसळ होते. उभ्या झाडांत ही ओळखणे सोपे आहे, कारण तिच्या पेऱ्यावर लहानमोठी चार पाने असतात. वाळलेल्या मुळाची पूड झाली की ही खूण नाहीशी होते आणि सूक्ष्मदर्शक किंवा रासायनिक परीक्षेवाचून दोहोंतला फरक कळत नाही.