फ्युएल सेलमधलं पाणी म्हणजे निव्वळ कचरा नव्हे

‘फ्युएल सेलमध्ये पाणी तयार होतं, ते जितकं लवकर बाहेर काढाल तितकं बरं.’ फ्युएल सेल म्हणजे हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज तयार करणारं साधन. त्याच्याबद्दल वर्षानुवर्षं फिरणारं हे वाक्य अर्धंच खरं आहे. 1 किलो हायड्रोजनमागे साधारण 9 किलो पाणी तयार होतं, तेव्हा ते तुंबू द्यायचं नाही, हे बरोबर. पण पॉलिमर पडद्याच्या सेलमध्ये हायड्रोजन आणि हवा यांच्यामधला तो पातळ पडदा ओला असेल तरच त्यातून हायड्रोजनचे प्रोटॉन नीट पलीकडे जातात. पडदा वाळला की रोध वाढतो आणि व्होल्टेज घसरतं.

‘सेल तिरका ठेवला की पाणी आपोआप निथळेल’ हाही गैरसमजच. वायू वाहून नेणाऱ्या खाचा असतात जेमतेम मिलिमीटरभर रुंद. एवढ्या अरुंद जागेत गुरुत्वाकर्षणापेक्षा पृष्ठताणाचा जोर जास्त. थेंब भिंतीला चिकटतो, फुगतो, समोरच्या भिंतीला टेकतो आणि बुचासारखा अडकून बसतो. शेजारच्या खाचा मोकळ्या असल्या की हवा तिकडून निघून जाते आणि तुंबलेल्या खाचेलगतचा भाग ऑक्सिजनवाचून उपाशी राहतो.

मला सगळ्यात अवघड वाटतं ते पुढचं: एकाच सेलमध्ये, एकाच वेळी, हवा शिरते तिथे पडदा कोरडा आणि ती बाहेर पडते तिथे पूर असू शकतो. म्हणूनच अनेकदा आत जाणारी हवा मुद्दाम दमट करून सोडतात.