पार्श्वभूमी : कोलोस्टोमी ‘शेवटचा उपाय’ कशी ठरली?

कोलोस्टोमी म्हणजे मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर काढून मळ पिशवीत घेण्याची शस्त्रक्रिया. ती अठराव्या शतकाच्या अखेरची. तेव्हा ती केवळ जीव वाचवण्यासाठी होई. मज्जारज्जूला इजा झाली की लघवी-शौचावरचा ताबाही बिघडतो; अशी माणसं दीर्घकाळ जगू लागली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. पुढेही बरीच वर्षं डॉक्टरांचं लक्ष मूत्रपिंडांवर राहिलं, कारण मृत्यू बहुतेक तिकडूनच येई. शौचाचा प्रश्न परिचारिकांच्या आणि घरच्यांच्या हातमोज्यांवर सोडलेला होता.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस माकडहाडाजवळच्या मज्जामुळांना (मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसांच्या मुळांना) विजेचे झटके देणारं यंत्र शरीरात बसवलं जाऊ लागलं. मूळ हेतू मूत्राशय रिकामं करण्याचा. शौचाला मदत हा जोडफायदा. त्यासोबत मागची संवेदी मुळं कापण्याची पद्धत रूढ झाली. त्यात उरलीसुरली संवेदना जाते, पुरुषांचा प्रतिक्षिप्त ताठरपणाही जातो.

1980 साली अपेंडिक्सची नळी करून मूत्राशयाला पोटावर वाट देण्याची कल्पना मांडली गेली. दहा वर्षांनी तीच युक्ती आतड्यासाठी वापरली गेली: पोटावरच्या छोट्या छिद्रातून नळी घालायची, पाणी मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला सोडायचं आणि मळ खाली ढकलायचा. स्पायना बायफिडाच्या (जन्मतःच पाठीचा कणा नीट न जुळलेल्या) मुलांना यामुळे डायपरमधून सुटका मिळाली. छिद्र आक्रसणं ही मात्र नेहमीची तक्रार. कृत्रिम गुदद्वार-झडप संसर्ग आणि बिघाडांमुळे मागे पडली. 1995 पासून शौचावर ताबा नसलेल्यांसाठी आलेल्या त्रिकास्थी-मज्जातंतू उद्दीपनाचा (माकडहाडाजवळच्या नसांना विजेने चेतवण्याचा) विचार, नसांची वाट थोडीफार शाबूत असेल तरच, प्रामुख्याने होतो.

या सगळ्या उपायांचा जो पिरॅमिड रचला गेला, त्याच्या टोकाला कोलोस्टोमी बसली. कमी काटछाटीकडून जास्तीकडे, असा त्याचा हिशेब. पण कापलेली मज्जामुळं पुन्हा जोडता येत नाहीत. कोलोस्टोमी अनेकदा उलटवता येते. तरी पिरॅमिडमध्ये कोलोस्टोमी मुळं कापणाऱ्या शस्त्रक्रियेच्याही वर! पोटावरच्या पिशवीची किळस आणि ‘हरलो’ ही भावना त्या क्रमात गुपचूप मिसळली असावी, असं मला वाटतं.

2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या ब्रिटिश पाहणीत इजेपासून कोलोस्टोमीपर्यंत सरासरी सतरा वर्षं गेली होती. शौचासाठी आठवड्याला लागणारा वेळ 10.3 तासांवरून 1.9 तासांवर आला. बहुतेकांचं म्हणणं, हे आधी का नाही सुचवलं?

विरोधी बाजूही पोकळ नाही. असा जबाब देणारे मुळात सर्वाधिक गांजलेलेच असतात. शिवाय छिद्राशेजारी हर्निया होतो, कातडी सोलवटते, वापरात नसलेल्या गुदाशयातून चिकट स्राव गळत राहतो. पण मग आधीचे उपाय ‘फसले’ हे ठरवायचं कोणी? रोज दोन तास स्वच्छतागृहात घालवूनही चादर खराब होणाऱ्याला औषधं ‘लागू पडताहेत’, असं कागदावर लिहिलेलं असू शकतं.

पोटावर छिद्र कुठे करायचं, या जागेचा वादही आता थोडा निवळला आहे. पूर्वी आडव्या झोपलेल्या पोटावर खूण केली जाई. बसल्यावर ती घडीत दडे. आता व्हीलचेअरवर बसवून, हात कुठवर पोहोचतो आणि नजर कुठे पडते हे पाहून खूण करतात. संपूर्ण मोठं आतडंच मंद असेल, तर लहान आतड्याचं तोंड बाहेर काढण्याचाही विचार होतो. मग पिशवीत पातळ मळ येतो आणि शरीरातलं पाणी-मीठ सांभाळावं लागतं.