एक माउस, दोन कामं : फर्स्ट-पर्सन आरपीजीमधली नजर आणि पोतडी

फर्स्ट-पर्सन आरपीजीमध्ये (आरपीजी म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) जग पात्राच्या डोळ्यांतून दिसतं आणि माउसला दोन अगदी वेगळी कामं करावी लागतात. चालताना-लढताना तो पात्राची मान असतो. माउस डावीकडे सरकला की नजर डावीकडे वळते आणि पडद्यावर कर्सर नसतो. इन्व्हेंटरी, म्हणजे पात्राची पोतडी, उघडली की तोच माउस हात होतो. कर्सर दिसू लागतो आणि वस्तू उचलणं, ठेवणं, अंगावर चढवणं सुरू होतं. ही दोन्ही कामं सुटी सुटी बऱ्यापैकी जमलेले गेम पुष्कळ आहेत. खेळणाऱ्याची चिडचिड होते ती बहुधा एका कामातून दुसऱ्यात जाताना, आणि डिझाइन करणाऱ्यांचं सगळ्यात कमी लक्ष याच सांध्याकडे जातं.

सुरुवातीच्या गेममध्ये हा सांधाच नव्हता. 1987 साली अटारी एसटी या संगणकावर आलेल्या ‘डंजन मास्टर’मध्ये पात्रं एकेक चौकट पुढे सरकत आणि एका वेळी 90 अंशांत वळत. मान वळवायला माउस लागतच नव्हता, त्यामुळे कर्सर कायम हाताचंच काम करी. जमिनीवरच्या वस्तूवर क्लिक केलं की ती कर्सरला चिकटे. पात्राच्या पानावरच्या तोंडावर नेली की खाल्ली जाई, डोळ्यावर नेली की तिची माहिती दिसे, आणि समोरच्या दृश्याच्या वरच्या भागात क्लिक केलं की ती पुढे भिरकावली जाई. 1992 च्या ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’मध्ये मोकळेपणी फिरता येऊ लागलं, तरी कर्सर राहिलाच. दृश्यात तो जिथे असेल त्यावर पात्र सरळ चालणार की वळणार हे ठरे. माउसने नजर फिरवण्याची सवय लोकांना पुढे शूटर गेमनी लावली. ती इतकी पक्की झाली, की 1994 च्या ‘सिस्टम शॉक’ला 2015 च्या सुधारित आवृत्तीत ती सोय मुद्दाम द्यावी लागली. दरम्यान 1999 च्या ‘सिस्टम शॉक 2’ने दोन्ही कामं टॅब या एका कळीवर जोडली होती. टॅब दाबला की नजर स्थिर होते, कर्सर येतो, पोतडी उघडते, पण जग थांबत नाही.

आधी मानेचं काम पाहू. आपण कुठे आहोत हे माउसला ठाऊक नसतं, आपण किती सरकलो एवढंच तो सांगतो. माउस किती बारीक मोजतो हे डीपीआयमध्ये सांगतात : 800 डीपीआयचा माउस एक इंच सरकला की 800 काउंट, म्हणजे हालचालीची 800 बारीक पावलं, पाठवतो. एका काउंटला नजर किती अंश वळवायची हे गेमने ठरवायचं. ‘क्वेक’ने हा आकडा 0.022 अंश ठेवला होता आणि त्याला खेळणाऱ्याने निवडलेल्या संवेदनशीलतेने गुणलं जाई. संवेदनशीलता 2 धरली तर एका काउंटला 0.044 अंश, म्हणजे पूर्ण गिरकीला सुमारे 8182 काउंट. 800 डीपीआयला ते 10.2 इंच, साधारण 26 सेंटिमीटर. खेळणाऱ्याच्या स्नायूंच्या लक्षात राहतं ते हे अंतर. सेटिंगमध्ये 1 ते 10 असा नुसता आकडा देण्याऐवजी त्याच्या शेजारी ‘एका गिरकीला इतके सेंटिमीटर’ असं दाखवलं, तर दुसऱ्या गेममधून आलेल्या माणसाला आपला हात पहिल्या मिनिटात सापडतो. त्यासाठी माउसचा डीपीआय मात्र त्याला विचारावा लागेल, कारण गेमला तो स्वतःहून खात्रीने कळत नाही.

इथली सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे माउसच्या काउंटला फ्रेमच्या, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या एकेका चित्राच्या, वेळेने गुणणं. गेमपॅडच्या काडीकडून वेग मिळतो, म्हणून त्याला वेळेने गुणावंच लागतं. माउसकडून अंतर मिळतं, त्यात वेळ आधीच धरलेली असते. दोघांना एकाच सूत्रात कोंबलं, की हाताच्या त्याच हालचालीला सेकंदाला 60 फ्रेम असताना जेवढी नजर वळते, त्याच्या दुप्पट ती 30 फ्रेमला वळते. गर्दीच्या लढाईत फ्रेम अडखळली की नजर भलतीकडेच जाते. खेळणारा याला ‘माउस तरंगतोय’ म्हणतो आणि संवेदनशीलता कमी-जास्त करत बसतो. त्याचा उपयोग होत नाही, कारण बिघाड त्या आकड्यात नसतोच.

विंडोजवर नजरेसाठी रॉ इनपुट वापरावं, म्हणजे माउसचे काउंट जसेच्या तसे घ्यावेत. नाहीतर कंट्रोल पॅनेलमधला कर्सरचा वेगवाढ पर्याय गेममध्येही घुसतो, आणि माउस झटकन नेला की नजर जास्त वळते, सावकाश नेला की कमी. हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून मागच्या काही फ्रेमची सरासरी काढण्याचा मोह टाळावा, त्याने नजर हाताच्या मागे रेंगाळते. आडव्या आणि उभ्या दिशेला एकच माप हवं. वर-खाली बघण्याला 89 अंशांची मर्यादा घालावी. 90 च्या पलीकडे जाऊ दिलं तर पात्राचं जग उलटं होतं. धनुष्य ताणल्यावर दृश्य जवळ येत असेल, तर संवेदनशीलताही त्याच प्रमाणात उतरली पाहिजे. दृश्यकोन, म्हणजे पडद्यावर जगाचा जितक्या अंशांचा भाग दिसतो तो, 90 वरून 30 अंशांवर आला, तर दोन्ही अर्धकोनांच्या टॅन्जंटचं गुणोत्तर घ्यायचं : टॅन 15 भागिले टॅन 45, म्हणजे सुमारे 0.27. असं केलं की पडद्याच्या मध्याजवळच्या गोष्टी हाताच्या हालचालीला आधीच्याच वेगाने सरकतात.

जगातली वस्तू उचलणं हे मान आणि हात यांच्या मधलं काम आहे. कर्सर नाही, म्हणून पडद्याच्या मध्यातून एक अदृश्य किरण सोडतात आणि तो पहिल्यांदा कशाला लागतो ते बघतात. दारं आणि पेट्यांना हे पुरतं. टेबलावरच्या चावीला किंवा नाण्याला पुरत नाही, कारण दोन मीटरवरून चावी पडद्यावर जेमतेम काही पिक्सेलची असते. यावर दोन पायऱ्यांचा उपाय चांगला चालतो. आधी बारीक किरण सोडायचा. त्याला उचलण्याजोगं काही लागलं नाही, तर त्याच दिशेने पाच-सात सेंटिमीटर त्रिज्येचा गोळा पुढे सरकवायचा आणि त्यात सापडलेल्या वस्तूंपैकी किरणाला कोनाने सर्वांत जवळची निवडायची. मग त्या वस्तूपर्यंत मध्ये भिंत नाही ना, हे तपासायचं. ही शेवटची पायरी गाळली, की बंद कपाटातल्या वस्तू दारातून उचलता येतात.

आता सांधा. पोतडी उघडण्याच्या त्या एका क्षणात बऱ्याच गोष्टी बरोबर घडाव्या लागतात आणि यातली प्रत्येक चूक बाजारात आलेल्या गेममध्ये सापडते. पुढे चालण्याची कळ दाबलेली असताना पोतडी उघडली आणि कळ सुटल्याची खबर मेनूनेच गिळली, तर मेनू बंद झाल्यावर पात्र आपोआप चालत सुटतं. म्हणून मेनू बंद होताना प्रत्येक कळीची खरी स्थिती नव्याने वाचावी. कर्सर फिरत असताना साठलेले काउंट टाकून दिले नाहीत, तर मेनू मिटताच नजरेला झटका बसतो. ‘बंद करा’वरचं डावं क्लिक बटण सुटण्याआधीच खेळाकडे गेलं, तर पात्र समोरच्या दुकानदारावर तलवार उगारतं. उपाय सोपा आहे : मेनूत दाबलेलं बटण सुटेपर्यंत ते खेळाच्या लेखी दाबलेलं धरायचं नाही. पोतडी ज्या कळीने उघडते त्याच कळीने मिटली पाहिजे, एस्केपनेही मिटली पाहिजे, आणि त्या एस्केपने मागोमाग मुख्य मेनू उघडता कामा नये.

कर्सर दर वेळी पडद्याच्या मध्यात आणावा की मागे सोडला तिथे? मध्यात आणावा, असं माझं ठाम मत आहे. नजर आधीच तिथे असते, म्हणून कर्सर शोधावा लागत नाही.

पोतडीतला कर्सर शक्यतो ऑपरेटिंग सिस्टिमचाच वापरावा. तो गेमच्या चित्रापासून स्वतंत्र उमटतो, त्यामुळे गेम मंदावला तरी कर्सर मंदावत नाही. गेमने स्वतः काढलेला कर्सर निदान एक फ्रेम मागे असतो. सेकंदाला 30 फ्रेम असतील तर ते 33 मिलिसेकंद होतात आणि हाताला ते जाणवतात. पण ओढत असलेल्या वस्तूचं चित्र गेमच काढतो, म्हणून ते सिस्टिमच्या कर्सरमागे फरफटताना दिसतं. ओढणं चालू असेपर्यंत कर्सर लपवला आणि फक्त वस्तू दाखवली, की ही फारकत डोळ्याला खुपत नाही.

पॉल फिट्स यांनी 1954 मध्ये मांडलेला नियम इथे उपयोगी पडतो. लक्ष्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ अंतर आणि रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमनुसार वाढतो. आज नेहमी वापरलं जाणारं सूत्र असं : अंतराला रुंदीने भागायचं, त्यात 1 मिळवायचा आणि 2 या पायाचा लॉग घ्यायचा. 960 पिक्सेलवरच्या 48 पिक्सेल खणासाठी उत्तर सुमारे 4.4 येतं, 400 पिक्सेलवरच्या 64 पिक्सेल खणासाठी सुमारे 2.9. याचा अर्थ, पेटी आणि पोतडी पडद्याच्या दोन टोकांना मांडण्याऐवजी शेजारी शेजारी ठेवा. लूट भरताना हा प्रवास शेकडो वेळा घडतो. त्याहून बरं म्हणजे प्रवासच वाचवा : शिफ्ट दाबून क्लिक केलं की वस्तू थेट पलीकडे जावी.

चौकटींच्या पोतडीत खरी मेख आहे ती दोन बाय तीनसारख्या मोठ्या वस्तूंची. कर्सर ज्या खणावर आहे तिथे वस्तूचा डावा-वरचा कोपरा बसवला, तर ती अपेक्षेपेक्षा एक-दोन खण उजवीकडे-खाली पडते. वस्तू कुठे धरली ते अंतर लक्षात ठेवावं. ओढताना चित्राचा डावा-वरचा कोपरा जिथे येतो, तिथून पोतडीचा कोपरा वजा करावा, खणाच्या मापाने भागावं आणि जवळच्या पूर्णांकात आणावं. खाली एकच वस्तू असेल तर अदलाबदल, दोन असतील तर नकार. नकार नुसत्या लाल रंगाने दाखवू नये, लाल-हिरव्यात फरक न दिसणाऱ्यांसाठी फुलीही असावी. काहींना बटण दाबून ठेवून ओढायची सवय असते, काहींना एका क्लिकने उचलून दुसऱ्याने ठेवायची. दोन्ही चालवणं अवघड नाही. बटण दाबल्यावर माउस चार-पाच पिक्सेलपेक्षा जास्त सरकला तर ते ओढणं, नाहीतर क्लिक.

वस्तू हवेत असताना तिचा हिशेब कुठे राहतो, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. उचलताक्षणी ती पोतडीतून वजा केली आणि त्याच क्षणी पात्र मेलं, गेम सेव्ह झाला किंवा पोतडी मिटली, तर वस्तू गायब होते. दोन्हीकडे लिहिली, तर दुप्पट होते. वस्तू मूळ खणातच नोंदलेली ठेवावी, तिथे फिकट दाखवावी, आणि नवी जागा पक्की झाल्यावर एकाच पावलात हलवावी. कशानेही ओढणं तुटलं, तरी ती जागच्या जागी असते.

चाळीसेक वस्तूंपर्यंत चित्रांच्या चौकटी उत्तम, कारण जागा लक्षात राहते. दोनशे वस्तू झाल्या की यादी लागते, आणि त्या यादीत रकाने हवेत. 2011 च्या ‘स्कायरिम’ची मूळ यादी एका वेळी थोडीच नावं दाखवी. वजन आणि किंमत कळायला एकेका वस्तूवर जावं लागे. खेळणाऱ्यांनीच बनवलेल्या ‘स्कायुआय’ या मॉडने (गेममध्ये बदल करणाऱ्या जोडणीने) वजन, किंमत, नुकसानक्षमता यांचे रकाने, त्यांनुसार क्रम आणि नावाने शोध दिला. किंमत भागिले वजन असा क्रम लावता आला, की ओझं जड झाल्यावर काय टाकायचं हे चटकन ठरतं.

तपासणीला फार काही लागत नाही. टेबलावर पट्टी ठेवून माउस ठरावीक अंतर सरकवा आणि नजर कुठे थांबते ते पाहा. हे 30 आणि 144 फ्रेमला करा, जागा एकच यायला हवी. मग माउस झटकन उजवीकडे न्या आणि सावकाश मूळ खुणेवर आणा. नजर जिथून निघाली तिथे परत आली नाही, तर कुठेतरी वेगवाढ शिल्लक आहे. पोतडीसाठी चालण्याची कळ दाबून धरा, पोतडी उघडल्यावर ती कळ सोडा, तलवार ओढत असताना एस्केप दाबा, दुसऱ्या खिडकीत जाऊन परत या, आणि हे 15 फ्रेमला पुन्हा करा. पात्र उभं असावं, तलवार तिच्या खणात असावी आणि नजर हललेली नसावी.