जुन्या बाजारातला हेडसेट मुका का असतो?

बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात फिरताना कधीतरी एक जाडजूड लष्करी हेडसेट हाताला लागतो. हिरवट रंग, ओठांपुढे येणारा माईकचा दांडा, वायरीच्या टोकाला ठोसर पिन. ताडपत्रीच्या हुडाची डिझेल जीप ताम्हिणी घाटात घातली की शेजारच्याशी बोलायलाही नरडं फाडावं लागतं, म्हणून मी तो घेतला. घरी जोडला, तर आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. विकणाऱ्याचा दोष नव्हता. दोष असलाच तर इतिहासाचा.

गोंगाटात निरोप पोचवायला आपल्या एसटीने दोरी बांधली: एक घंटी थांबा, डबल बेल चला. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत पहिल्यांदा उतरलेल्या ब्रिटिश रणगाड्यांत तर दोरीही नव्हती. आत आठ माणसं आणि त्यांच्या मधोमध, कसलीही भिंत नसलेलं, १०५ अश्वशक्तीचं इंजिन. गाडी वळवायची तर मागच्या दोन गिअरवाल्यांची मदत लागे. चालक इंजिनाच्या झाकणावर ठोकून त्यांचं लक्ष वेधायचा आणि मग बोटांनी खुणा करायचा.

विमानवाल्यांनी थोडं बरं जमवलं. १९१७ मध्ये इंग्लंडमधल्या गॉसपोर्टच्या शाळेत शिक्षकाच्या तोंडापासून विद्यार्थ्याच्या कानांपर्यंत रबराची नळी आली. वीज नाही, बॅटरी नाही. बहुतेक वेळा बोलायचं फक्त शिक्षकाने. (विद्यार्थ्याचं मत विचारायची पद्धत तेव्हाही नव्हती.)

विजेचा माईक आला तेव्हा खरी अडचण कळली. कानात आवाज वाढवणं सोपं, पण माईक बोलण्याबरोबर इंजिनही ऐकतो आणि दोन्ही सारखंच वाढवतो. दुसऱ्या महायुद्धात यावर गळ्याला बांधायचा माईक वापरला गेला. तो हवेतला आवाज घेत नाही, कंठाची थरथर घेतो. इंजिन गेलं, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरंही गेली, कारण ती दात-ओठांशी फुंकरीतून घडतात. नंतर टिकला तो दोन्ही बाजूंनी उघडा माईक. लांबचा गोंगाट माईकमधल्या पातळ पडद्याच्या दोन्ही अंगांना जवळजवळ सारखाच आदळतो आणि कटतो. ओठांजवळचा शब्द एकाच बाजूने लागतो, म्हणून उरतो. त्यासाठी तो ओठांना जवळजवळ टेकलेला हवा. हनुवटीखाली लटकवला की फायदा संपला.

आता माझ्या मुक्या हेडसेटकडे. जुने माईक कोळशाच्या कणांचे, एडिसनच्या १८७७ च्या टेलिफोनातल्या जातीचे. त्यांना बाहेरून थोडी वीज द्यावी लागे आणि बदल्यात ते दणदणीत सिग्नल देत. नागरी विमानांचे रेडिओ त्याच हिशोबाने बनले. कोळसा गेला तरी सवय राहिली: आजचा इलेक्ट्रेट (कायम विद्युतभार धरून ठेवणारा) माईकही पोटात छोटा अँप्लिफायर ठेवून कोळशाचं सोंग घेतो. अमेरिकी धर्तीच्या लष्करी हेडसेटने दुसरी वाट धरली. त्याचा माईक सुमारे ५ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं, इम्पीडन्सचं माप) डायनॅमिक, म्हणजे चुंबक आणि तारेच्या वेटोळ्याचा, वीज न मागणारा, पण सिग्नल अगदी नाजूक. कानातले स्पीकरही ८ किंवा १९ ओहमचे. नागरी हेडसेटचे ३०० च्या आसपास. दोन घराणी, आणि दोघांच्या पिनाही वेगळ्या. एकाची पिन कापून दुसऱ्याची डकवली, तरी सोयरीक जुळत नाही. मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर किंवा प्रीअँप (नाजूक सिग्नल आधीच वाढवून देणारं सर्किट) लागतोच. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत ‘लो इम्पीडन्स माईकचा प्रीअँप’ म्हटलं की काउंटरवरचा माणूस पुढचं विचारत नाही.

गोंगाटाला उलटा आवाज सोडून मारायची कल्पना जर्मन संशोधक पॉल ल्यूगची, त्याचं अमेरिकी पेटंट १९३६ चं. ती विकायच्या हेडसेटमध्ये आली १९८९ साली, बोस कंपनीकडून, वैमानिकांसाठी. जीपला त्याची गरज नाही. कान घट्ट झाकणारे जाड कप पुरतात.

माझ्या जीपमध्ये प्रीअँप बसला आणि शब्द स्वच्छ आले. सोबत एक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी एक शिट्टीही आली, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची. माईक आणि अँप्लिफायर यांची अर्थिंग बॉडीवर दोन ठिकाणी होती, तिथूनच ती आत शिरत होती. दोन्ही वायरी बॅटरीच्या निगेटिव्हवर एकत्र नेल्यावर शिट्टी थांबली.