मान उचलली म्हणजे औषध उतरलं? नाही हो!
भूल देणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं चालत आलेली समजूत आहे, की ऑपरेशन संपल्यावर पेशंटने ५ सेकंद मान उचलून धरली की स्नायू सैल करणारं औषध पूर्ण उतरलं, आता घशातली श्वासाची नळी काढा. मीपण रेसिडेंट असताना हेच घोकलं. पण ते चुकीचंय.

औषध खरंच उतरलं का हे मोजायला मनगटाजवळ, करंगळीच्या बाजूला अल्नर नर्व्हवर (हाताकडे जाणारा मज्जातंतू) दोन स्टिकर लावतात आणि अर्ध्या अर्ध्या सेकंदाने ४ शॉक देतात, याला ट्रेन ऑफ फोर म्हणतात, १९७० पासूनचं आहे हे. प्रत्येक शॉकला अंगठा आत ओढला जातो, आणि औषधाचा अंमल उरला असेल तर चौथी ओढ पहिलीपेक्षा मरगळलेली येते. चौथी भागिले पहिली, हा रेशो किमान ०.९ हवा (पूर्वी ०.७ पुरेसा मानायचे). गंमत म्हणजे ०.६ लासुद्धा बरेच जण मान उचलतात! घशाचे स्नायू मात्र तेव्हा ढिलेच, म्हणजे थुंकी श्वासनळीत जायची भीती.

"आम्ही अंगठ्याला हात लावून बघतो ना" असंही ऐकायला मिळतं. अहो, ०.४ च्या वर गेलं की हाताला काय नि डोळ्याला काय, चारही ओढी सारख्याच वाटतात. म्हणून आकडा दाखवणारं मशीनच लागतं, अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या सोसायटीने २०२३ च्या गाईडलाइनमध्ये तेच सांगितलंय. आणि स्टिकर भुवईजवळ लावून बघू नका, भुवई अंगठ्याच्या आधी जागी होते आणि आपण फसतो.